उणे दोन

“तिथं ‘साइन्ड’ कशाला लिहिता रे? साइन्ड म्हंजे सही. घरच्या माणसाकडून कुणी सही घेतं का?” कॉलेजात ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकवताना गौरीशंकर सर म्हणाले होते, आणि सगळा वर्ग खदाखदा हसला होता. क्षमाही.

आता तोच आवाज वाशीच्या दूध शीतकरण केंद्रात घुमत होता.

“बटण दाबायला अक्कल लागते, आबाराव. ती कुठून आणायची यानं?”

रातपाळीचा कामगार बिराप्पा मान खाली घालून उभा होता. रातभर कॉम्प्रेसर थांबला नव्हता. गार पाण्याच्या टाकीत बर्फाचा दगड झाला, पाइप फुटले, आणि पाड्यापाड्यांवरून पहाटवाऱ्यासंगं आलेलं दूध आंबून गेलं. केंद्राचे अध्यक्ष आबाराव नाकाला रुमाल लावून बसले होते.

क्षमा सरांकडं पाहत होती. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, आणि ओठांवर तेच पान खाल्ल्यासारखं हसू. केंद्राचा प्रोग्राम त्यांचा, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा नवा बोर्ड बसवणारी ती. सकाळीच तिनं त्यांना बाजूला घेऊन दाखवलं होतं : जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा, आकड्याला उणं चिन्ह असू शकतं हे न सांगताच धरून चालायचा. नव्या बोर्डाच्या कंपायलरला ते लिहून द्यावं लागतं. ‘साइन्ड’ हा एक शब्द राहिला, म्हणून टाकीतले उणे दोन अंश यंत्रानं दोनशे चौपन्न वाचले. एवढी उष्णता बघून कॉम्प्रेसर बिचारा पळतच राहिला.

“तुझा कंपायलरच भिकारडा,” सर म्हणाले होते. “संस्कार न्हाईत त्याला. माझा प्रोग्राम आजवर असाच चाललाय. आणि बाई, तुला इथं कुणी लावलं, ते ध्यानात ठेव.”

तिनं लॅपटॉप मिटला होता.

“बिराप्पा,” आबाराव म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“म्या बटण आटोवरच ठिवलं व्हतं, मालक.”

“आटोवर!” सरांनी हसून मान डोलावली. “आटो म्हंजे काय, ठावं हाय का रे तुला? तीन चाकांची न्हवं!”

दोघं-तिघं कारकून हसले. बिराप्पानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि तो दाराकडं वळला.

“काका, थांबा,” क्षमा म्हणाली.

सरांनी भुवई उचलली. “क्षमा.”

“बटण बरोबर होतं, आबारावसाहेब.” ती आबारावांसमोर येऊन उभी राहिली. “चूक सरांच्या प्रोग्रामात आहे. सकाळपासून मला माहीत आहे, सरांनाही. शून्याच्या खालीसुद्धा काही असतं, हे त्यांनी यंत्राला कधी सांगितलंच नाही.”