दम धर

प्राणवायूपुढे सगळी माणसं समान असतात. ट्रेडमिलचं बटण मात्र एकाच्याच हाती असतं. तांबरमच्या तपासणी केंद्रात ते तंजावरी वेंकटच्या हाती होतं. पट्ट्यावर पुण्याचे उमाकांतराव होते. हिमालयातल्या यात्रेसाठी त्यांना तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. एग्मोरच्या गणेशोत्सवात वेंकटच्या तंजावरी मराठीतल्या भाषणानंतर त्यांनीच माइकवरून विचारलं होतं, “हे मराठी की सांबार?” वेंकटची आई पहिल्याच रांगेत होती. आज यांना नापास करायचंच, म्हणून वेंकटने चढ वाढवला. बोटावरच्या यंत्रात प्राणवायू त्र्याण्णववर उतरला, पोटऱ्या भरून आल्या. “अरे, जरा दम धर!” उमाकांतराव धापा टाकत म्हणाले. “सर, आमच्या मराठीत दम म्हणजे श्वास. गेलाय तुमचा, मी कशाला धरू?” त्याने त्यांना तीन मिनिटं जास्त पळवलं. इतकं टिकल्यामुळे संगणकाने छापलं: सहनशक्ती उत्तम, यात्रेस हरकत नाही. खाली सही वेंकटची.