हिल्काच्या तोंडाला कुलूप

“ही उत्तरेकडची खोली,” एवढंच बोलून हिल्काने ओठ मिटले.

तिच्या ओळखीच्या कुणी हे पाहिलं असतं, तर थेट डॉक्टरला फोन लावला असता. इनारी सरोवराच्या काठी माणसं मुळात कमी, आणि ती बोलतात त्याहून कमी. हिल्का मात्र चुलीत लाकूड सारता सारता त्या लाकडाचीही कुळकथा सांगायची.

इथे भाड्याने राहणाऱ्या पाहुण्याचा मान राखायचा म्हणजे चावी द्यायची, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवून ठेवायची आणि दिसेनासं व्हायचं. हिल्काला हे शेवटचं काही जमेना. कॉफीचं भांडं घेऊन ती पाहुण्यांच्या मागोमाग अंगणात जायची. मग पाहुणे घरी पोचले की इंटरनेटवर लिहायचे, ‘खोली उबदार, आकाश सुंदर, मालकीणबाईंची बडबड असह्य.’

यंदा आकाशात नाचणारा उत्तरेचा प्रकाश पाहायला झुंबड उडाली होती, पण ती सगळी पलीकडच्या काठावर अस्लाककडे, त्याच्या काचेच्या छपरांच्या खोल्यांत. अस्लाक तर शेजाऱ्यांनासुद्धा मान हलवून उत्तर द्यायचा.

सकाळीच ओउलू शहरातून लेकीचा फोन आला होता.

“आई, नाताळपर्यंत कुणी राहायला आलं नाही तर घर बंद. तू माझ्याकडे यायचंस. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, तुला काही त्रास नाही.”

“आकाश दिसतं का तिथून?”

“समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. म्हणून सांगतेय, आज ती टाम्पेरेची बाई जागा बघायला येईल ना, तिच्यापुढे तोंडाला कुलूप लाव. विचारेल तेवढंच बोल.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर बोलू नकोस. रीत आहे ती आपल्याकडे. साठ वर्षांत तुला कळली नाही एवढंच.”

हे घर सोडलं तर आपण वर्षभरही जगणार नाही, हे हिल्काला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आज कुलूप.

टाम्पेरेची बाई, सातू, चाळिशीची होती. नवरा अंगणात गाडीतच बसला होता. “दमलाय तो. पसंत पडलं तर उतरवते,” ती म्हणाली. सरोवराच्या बाजूच्या मोठ्या खिडकीचा पडदा तिने सरकवलासुद्धा नाही. पायऱ्यांवर बर्फ साचतो का, तेवढं विचारलं.

“खरवडते,” हिल्का म्हणाली.

“आणि संध्याकाळी तुम्ही कुठे असता?”

हा सापळा आहे, हिल्काने ओळखलं. “माझ्या खोलीत. दार लावून. त्रास व्हायचा नाही.”

सातू म्हणाली, “आम्ही आधी पलीकडे अस्लाककडे जाऊन आलो. त्यांनी चावी दिली आणि निघून गेले. एक शब्द नाही.”

हिल्का मनात म्हणाली, मेला अस्लाक. रीतीत त्याचा हात कोण धरणार?

“तो प्रकाश कसा दिसतो हो इथून?” सातूने विचारलं.

“हिरवा.”

सातू वाट बघत राहिली. “आणखी?”

हिल्काने जीभ दाताखाली धरली. “कधी गुलाबी.”

आपण किती छान वागतोय, असं तिला वाटत होतं. सातूने मात्र हातमोजे चढवले. “बरं. आम्ही जरा पुढची गावंही बघतो,” ती म्हणाली. आवाजातली निराशा हिल्काला स्पष्ट ऐकू आली.

दोघी अंगणात आल्या. दुपारची कॉफी नुकतीच झालेली, तरी बाहेर ध्रुवाजवळच्या हिवाळ्यातला मिट्ट अंधार होता. गाडीची काच खाली होती. सातूने दाराला हात घातला, आणि नेमका त्याच वेळी डोंगरामागे उजेड हलला.

हिल्काने आधी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग कुलूप तुटलं ते तुटलंच.

“अगं बाई, कोल्हा निघाला. तिकडे, डोंगराच्या मानेमागून. आधी हे असं पांढुरकं दिसतं, लोकांना ढग वाटतो आणि मूर्ख आत निघून जातात. थांबा आता. झालं बघा हिरवं, बर्चच्या झाडाला पहिली पालवी फुटते ना, तेवढं कोवळं. आमचे आजोबा सांगायचे, कोल्हा बर्फावरून पळतो, त्याची शेपटी घासते आणि ठिणग्या वर उडतात. हा पळाला. चर्चच्या टोकावरून उडी, आता सरोवरावर. खालचा बर्फसुद्धा हिरवा केला मेल्याने. चादर झटकावी तसा हलतोय, आणि आवाज म्हणाल तर सुईचासुद्धा नाही. काठ गुलाबी झाले बघा, आता दुभंगेल. दुभंगला. एक पट्टा अस्लाकच्या छपरावर, एक अगदी आपल्या डोक्यावर...”

तिला एकदम भान आलं. झालं, संपलं. चौथा मजला, लिफ्ट, जिना.

“माफ करा,” ती पुटपुटली. “फार बोलते मी. लेकीला कबूल केलं होतं. तुम्ही जा खुशाल, पुढच्या गावातली माणसं रीतीची आहेत.”

सातू डोळे पुसत होती. “आम्ही आठवडाभर राहतो,” ती म्हणाली. “संध्याकाळी दार लावायचं नाही, ही अट.” आणि तिने वळसा घालून गाडीचं पलीकडचं दार उघडलं.

खाली उतरलेल्या नवऱ्याने आकाशाकडे मान वर केलीच नाही. पांढऱ्या काठीने बर्फ चाचपत तो हिल्काच्या आवाजाच्या रोखाने आला आणि म्हणाला, “हं, बाई, पुढे सांगा. कोल्हा आता कुठे पोचला?”