आपल्या माणसाचं नाव

मृणालिनी गोडांबे अवयव-छपाई केंद्राची प्रशासक होती, आणि नवऱ्याला एकच गोष्ट समजावून समजावून तिचं डोकं उठलं होतं.

"सुधन्वा, तुझ्या मूत्रपिंडाचा अर्ज कुठे अडकलाय, ते मला दिसणारच नाही! नाव वाचताना माझ्या छातीचे ठोके जरा जरी बदलले, तरी मनगटावरचा हा पट्टा ती नोंद झाकून टाकतो. माया असो नाहीतर राग, त्याला दोन्ही सारखंच. माझ्या भावाची झाकली, तुझ्या आईची झाकली. अरे, शाळेतल्या गणिताच्या बाईंचीसुद्धा झाकली! अजून घाबरते मी त्यांना."

"बघ तर खरं! आपल्याच माणसासाठी एवढे आढेवेढे?"

त्याचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून तिने त्याचं नाव शोधलं.

नोंद उघडली. फोटो, रक्तगट, रांगेतला क्रमांक, सगळं लख्ख.

"दिसतंय की!" सुधन्वा हरखला. "उगाच नाटकं करत होतीस."

मृणालिनीने पट्ट्याकडे पाहिलं. ठोके जराही बदलले नव्हते.

तिच्या काळजात धस्स झालं, आणि त्याच क्षणी नोंद झाकली गेली.

"आता काय केलंस?" सुधन्वा वैतागून म्हणाला.