शेवटच्या कडव्यातलं नाव

हळदीच्या मांडवात बायकांनी गाणं धरलं आणि दिगंबरने हातातला चहा खाली ठेवला. गाणं त्याचंच होतं. त्याच्या कविता कुणी वाचेना, तेव्हा त्याची बायको इंदुमती म्हणाली होती, "वाचत नाहीत ना, मग गाऊन दाखवा." म्हणून तो गायला लागला. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

शेवटच्या कडव्याला तोही गुणगुणला, "दिगंबर म्हणे, पोरी, उंबरा विसरू नको."

बायका मात्र "सुभद्रा म्हणे" गात होत्या. शेजारची म्हातारी त्याच्याकडे वळली. "चुकताय, दादा. नवरीला आई नसली की तिथं त्या आईचं नाव घ्यायचं. आमच्यात पहिल्यापासून असंच गातात."

गाणं माझं आहे, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईचं नाव कानावर पडताच पाटावरच्या नवरीने डोळे मिटून घेतले होते. त्याने खाली ठेवलेला चहा पुन्हा उचलला.

त्याच्या पुढच्या कार्यक्रमात तेच कडवं आलं. सगळं सभागृह त्याच्या नावासाठी सूर लावून तयार होतं.

"इंदुमती म्हणे, पोरी..." त्याने एकट्यानेच गायलं.

पहिल्या रांगेत ताल धरून बसलेल्या त्याच्या लेकीचा हात मांडीवर तसाच थांबला.