चौकोनातला कोल्टन

"ब्रेना, तुझा आवाज तुटतोय," लिंडक्विस्ट बाई पडद्यावरून म्हणाल्या.

ब्रेनाने पिकअप आणखी दोन हात पुढे घेतली, पार ग्रंथालयाच्या भिंतीला टेकवली. ग्रंथालय साथीमुळे मार्चपासून बंद होतं, पण वायफाय चालू ठेवलं होतं. घरी नेट पोचतच नव्हतं. त्यामुळे या वर्षी तिचं कॉलेज म्हणजे बाबांची ही गाडी. हीटर सारखा लावला तर पेट्रोल जळायचं आणि हातमोजे घातले तर टाइप करता यायचं नाही.

"शुक्रवारी जोडीने प्रकल्प मांडायचा. दोघांनीही बोलायचं. एक जरी गप्प बसला, तरी जोडी नापास," बाईंनी बजावलं आणि सगळ्यांना पडद्यावरच्या दोघादोघांच्या खोल्यांत सोडलं.

नापास म्हणजे शिष्यवृत्ती गेली.

तिच्या खोलीत नेहमीप्रमाणे कोल्टन रॉटिओ होता. काळा चौकोन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. कॅमेरा बिघडलाय, माईकही, असं त्याने सप्टेंबरातच लिहिलं होतं. तेव्हा त्याला संख्याशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. सरासरी कशी काढायची इथपासून विचारायचा, आणि ब्रेना शिकवायची. आता नोव्हेंबरात तोच तिच्या चुका काढत होता.

"शुक्रवारी बोलावं लागेल रे," ती म्हणाली.

उत्तर चॅटमध्ये सावकाश उमटलं. ‘बघू. जेवलीस का?’

"चिप्स खाल्ले."

‘ते काय जेवण झालं?’

ती हसली. अख्ख्या दिवसात तिची विचारपूस करणारं तेवढंच एक माणूस होतं.

तास संपल्यावर ती कॉफी घ्यायला पेट्रोल पंपावर गेली. काउंटरला टेस लाहती होती, पलीकडच्या गावची. कोल्टनही तिथलाच. मास्क हनुवटीवर.

"तुमच्या शाळेत कोल्टन रॉटिओ होता ना गं?" ब्रेनाने विचारलं. "माझा जोडीदार आहे. तोंडच उघडत नाही मेला."

टेसने कपावर झाकण लावता लावता हात थांबवला. "हे काय बोलणं झालं?"

"म्हणजे?"

"जुलैतच गेला ना तो. कोविडनं. दफनाला दहाच जणांना आत सोडलं. मी फाटकाबाहेर गाडीत बसून होते."

"दुसरा कुणी असेल."

"रॉटिओंचं घर या भागात एकच आहे," टेस म्हणाली, आणि तिने मास्क नाकावर ओढला.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता चौकोन हजर होता.

खोलीत दोघंच उरल्यावर ब्रेनाने विचारलं, "कोल्टन, आत्ता कुठे आहेस तू?"

‘खोलीत.’

"टेस लाहती भेटली होती मला."

पडद्यावर तीन ठिपके नाचू लागले. थांबले. पुन्हा नाचले. बाहेर बर्फ पडत होता आणि समोरची काच हळूहळू पांढरी होत चालली होती. गाडीत आता पडद्याचाच काय तो उजेड. लॅपटॉप मिटावा आणि निघून जावं असं तिला वाटलं. बाईंना एक ओळ लिहिली की नवा जोडीदार मिळाला असता. तिचं बोट बाईंच्या नावापर्यंत गेलंही.

"कॅमेरा लाव," ती म्हणाली. "नाहीतर मी बाईंना सांगते."

‘नको गं.’

"लाव म्हणते ना!"

चौकोन उजळला.

नीट आवरलेला पलंग. भिंतीवर हॉकीची जर्सी. टेबलासमोर रिकामी खुर्ची. खोलीत कुणीही नव्हतं.

"कोल्टन?" ब्रेनाने हाक मारली.

खुर्ची सावकाश मागे सरकली. मग खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात दिसला, आणि बाजूने येऊन एक पन्नाशीची बाई खुर्चीत बसली. नाकावर वाचायचा चष्मा, मांडीवर गणितांनी भरलेली वही.

"माझ्या पोराने जूनमध्येच नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी तास आपोआप उघडला, तेव्हा मी त्याचा लॅपटॉप बंद करायलाच आले होते," ती म्हणाली. "तेवढ्यात तू हाक मारलीस, ‘कोल्टन, आहेस ना?’ आणि मला ‘नाही’ म्हणवेना गं."