टाकीतला काळोख

चार दिवस कामासाठी बाहेर राहून तो परतला, तर खाऱ्या पाण्याच्या टाकीतली त्याची जिवंत प्रवाळं पांढरीफटक पडलेली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा महिने तो पाण्यात प्रकाशमापक मीटर बुडवून, मोजून मापून, दर आठवड्याला चिमूटभर प्रकाश वाढवत आला होता. आणि आता टाकीवरच्या दिव्याचं बटण थेट शेवटाला टेकलेलं!

"दिव्याला हात कुणी लावला?"

"मी," आई खुर्चीतून म्हणाली. "काळोख वाटला, म्हणून वाढवला."

"वाटला? ही काय स्वयंपाकघरातली ट्यूब आहे? भाजून निघाली ती प्रवाळं! आधी मला सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

आता आईही उसळली.

"दोनदा सांगितलं होतं! म्हटलं, अरे, टाकी दिवसेंदिवस अंधारी दिसतेय, भर दुपारी माझ्यासमोर उभा राहिलास तरी तुझं तोंडसुद्धा धड दिसत नाही. दोन्ही वेळा तू ते मीटर पाण्यात बुडवलंस आणि म्हणालास, प्रकाश अगदी बरोबर आहे, आई, तू काळजी करू नकोस."