मानाच्या चटया

अंगणात मानाच्या चटया उन्हात घातलेल्या दिसल्या आणि फुआतिनोला कळलं, घरच्यांनी आपलं मयत ठरवून टाकलंय.

एक नाही, दोन नाही, आख्खं अंगण भरलं होतं. रेशमासारख्या मऊ, लाल पिसांची किनार लावलेल्या. एरवी गादीखाली दडपून ठेवायच्या आणि काढायच्या त्या लग्नाला नाहीतर मरणाला. आणि घरात लग्नाचं तर कोणीच नव्हतं.

हातातली नारळांची टोपली तिनं दाणकन खाली ठेवली.

"लोसा! हे सगळं कोणासाठी गं?"

भावजय लोसा एक चटई झटकत होती. तिचे हात तिथंच थांबले. "वन्सं, तुम्ही उन्हात कशाला आलात? आत पडा ना जरा."

"मी विचारतेय काय, तू सांगतेस काय!"

लोसानं नवऱ्याकडे पाहिलं. सेमिसी, फुआतिनोचा धाकटा भाऊ, सगळ्या घराण्याचा मुखिया. गावच्या बैठकीत त्यानं घसा खाकरला तरी भलेभले गप्प बसायचे. आत्ता मात्र तो खांबाला टेकून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

"ताई, मागच्या आठवड्यात डॉक्टर बोलला तेव्हा मी शेजारीच होतो ना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी परत वाढल्यात. आणि तरी त्यानं साधी गोळीसुद्धा दिली नाही. हात टेकले त्यानं, ताई."

"कसले हात टेकले! गोळीची वेळ आली नाही म्हणून दिली नाही. माझा कॅन्सर गोगलगायीच्या चालीचा आहे, असं त्यानंच सांगितलं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आकडे बघायचे. आणि उद्या पलीकडच्या बेटावर, आपियाच्या इस्पितळात, न्यूझीलंडहून रक्ताची डॉक्टरीण येतेय, तिला दाखवायचं. हे ऐकलंस, की तोवर तुझं रडून झालं होतं?"

सेमिसीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "तुझा नंबर मी सोडला."

"काय?"

"नर्सला फोन केला. शेजारच्या गावचा एक पोरगा आहे, विशीतला, त्यालाही रक्ताचंच काहीतरी. म्हटलं, ज्याला आशा आहे त्यानं जावं. तुला बोटीतच काही झालं असतं तर…"



आजारानं निदान तीन-तीन महिन्यांची मुदत दिली होती. घरच्यांनी तेवढीही दिली नव्हती!

"तो पोरगा जाऊ दे खुशाल," फुआतिनो म्हणाली. "पण मीही जाणार. ती बाई वर्षातून एकदा येते. उद्या हुकली तर वर्षभर माझे आकडे तिच्यासारखे कोण वाचणार? तू?"

"पण नंबर नसताना आत कोण घेईल, वन्सं?" लोसा हळूच म्हणाली.

फुआतिनोनं अंगणभर नजर फिरवली. सगळ्यात मोठी चटई तिच्याच हातची होती, डोळे फोडफोडून विणलेली. तिनं ती उचलली आणि घडी घालायला लागली.

सेमिसी दचकला. "ताई, ती नको! ती तर तुझ्या…"

"माझ्या अंगावर घालायची ना? मग माझीच झाली. मी ती डॉक्टरणीला देणार."

"त्या गोऱ्या बाईला काय कळतंय चटईतलं!"

"तिला नको कळू दे. दारातल्या नर्सा तर आपल्याच आहेत ना? अशी चटई समोर पसरणाऱ्या बाईला परत पाठवून दाखवावं कोणी!"

सेमिसी मुखिया झाला म्हणून काय झालं, थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची छाती आमच्या बेटावर कुठल्या भावाला आहे? मुकाट्यानं आत जाऊन त्यानं तिची पिशवी आणली.

"मी येऊ सोबत?"

"तू बाकीच्या चटया आत घे. आभाळ येतंय."

धक्क्याकडे जाणारी बस आली. गच्च भरलेली, आणि गाणं तर असं मोठ्यानं लावलेलं की थेट समुद्रापर्यंत ऐकू जावं. फुआतिनो चटई छातीशी धरून चढली. चटई दिसताच ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. बाप्यांनी टोप्या काढल्या. पुढच्या बाकावरची मुलगी पटकन उठली आणि मागे मैत्रिणीच्या मांडीवर जाऊन बसली.

"मावशी, कोणाचं मयत?" ड्रायव्हरनं दबक्या आवाजात विचारलं.

"माझं होतं," ऐसपैस बसत फुआतिनो म्हणाली. "रद्द केलं. लाव ते गाणं."